दोन खोडांची चिंच

"ते गाणं काढून टाक त्यातलं," सासूबाई म्हणाल्या.

त्या पलंगावर बसून निहारच्या तळपायांना तेल चोळत होत्या. मी टेबलाशी बसून रेडिओच्या कार्यक्रमाचा दुसरा भाग जुळवत होते. इअरफोनचा एक कान बिघडला होता, म्हणून आवाज स्पीकरवर ठेवला होता आणि हिराचं अंगाईगीत सगळ्या खोलीत भरलं होतं. निहार तेव्हा सव्वा वर्षाचा होता. ते गाणं लागलं की तो पाय झाडायचा थांबायचा.

मी त्यांना समजावलं, की हिराचं नाव मी बदललंय, कार्यक्रमात ती 'सुमन' आहे. गावाचं नाव नाही, आडनाव नाही, बाग कुणाची तेही नाही.

"नाव बदलशील. पण तिच्या पाड्यावरच्या माणसाला दोन ओळींत कळेल कोण गातंय ते."

"आई, ते रेडिओ ऐकत असतील का?"

"मग तू करतेस कुणासाठी?"

मी हसले.

सासूबाईंच्या सूचना दिवसभर चालू असत. खिडकी लाव, कानटोपी घाल, चमचा परत उकळ. त्या सगळ्या मी पाळायचे. मी तशीच आई होते. झोपलेल्या निहारच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचे, तो शिंकला की वेळ लिहून ठेवायचे. घरातल्या प्रत्येक कोपऱ्यात मला धोका दिसायचा. पण ही सूचना माझ्या विषयातली होती, आणि माझ्या विषयात मी कुणाचं ऐकत नव्हते.

विषय म्हणजे पेठ, सुरगाण्याच्या डोंगरांतून दर हिवाळ्यात नाशिकच्या द्राक्षबागांत कामाला उतरणारी माणसं. पाच वर्षं मी त्यांच्यामागे फिरले होते. तीनशे बारा पानांचा प्रबंध झाला. तो चौघांनी वाचला, तिघे परीक्षक आणि चौथी मी. मग शहरालगतच्या एका छोट्या रेडिओ केंद्राचे गायधनी सर म्हणाले, की मॅडम, एवढं सगळं कपाटात ठेवून काय उपयोग, लोकांना कळेल अशा भाषेत दहा भाग करा, बागवाले ऐकतील, मजूरही ऐकतील, हल्ली सगळ्यांच्या मोबाइलमध्ये रेडिओ असतो. मला ते फार पटलं. शहरातली माणसं मजुरांबद्दल बोलायची ती पाखरांबद्दल बोलावं तशी, यंदा आले का, कमी आले का. त्यांतल्या प्रत्येकीनं घर सोडायचं ठरवलं कसं, बरोबर काय घेतलं, मागे काय ठेवलं, हे लोकांना ऐकवायचं होतं मला.

हिराचं घर सोडणं साधं नव्हतं. विमानतळाच्या बाजूच्या एका बागेच्या कडेला, पाण्याच्या टाकीमागे निळ्या ताडपत्रीची तिची झोपडी होती. वय पंचविशीचं, सोबत सहा वर्षांची लेक, मैनी. टोळीत तिनं स्वतःला विधवा म्हणून सांगितलं होतं. मला चौथ्या भेटीत खरं सांगितलं. नवरा जिवंत होता. हिराच्या डाव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली होती. ती मी पहिल्याच दिवशी पाहिली होती आणि वहीत टिपली होती. तीन वर्षांपूर्वी ती मुलीला पाठीशी बांधून निघाली होती. सासरच्यांनी तिच्या माहेरी निरोप धाडला होता, तू कुठंही मर, पोरगी आमची आहे, दिसली की उचलून आणू.

"मला सोडतील ते," हिरा म्हणाली होती. "मैनीला नाय सोडणार."

गाणं त्याच दिवशीचं, आदल्या हिवाळ्यातलं, निहार तीन महिन्यांचा असतानाचं. निहार माझ्या मांडीवर किंचाळत होता आणि मी त्याच्या तोंडावर रुमाल धरून बसले होते, कारण बाहेर फवारणी चालली होती आणि मला वाटत होतं ते औषध त्याच्या नाकात जातंय. हिरानं घडातले जादा मणी कापायची विरळणीची कात्री खाली ठेवली, हात दोनदा धुतले, त्याला माझ्याकडून घेतलं आणि खांद्यावर थोपटत म्हणायला लागली. रेकॉर्डर चालूच होता.

माझ्या बाईचा मामा दारी रुजला,
दोन खोडांची चिंच गं तिला,
एका खोडाला बांधली झोळी,
दुसरं जागतं रातच्या वेळी.

निहार झोपला. वरून सरावाचं विमान गेलं तरी झोपलेलाच राहिला. मी विचारलं, मामा दारात कसा रुजला? ती म्हणाली, की त्यांच्या पाड्यावर प्रत्येक आई पाळण्याच्या गाण्यात लेकराच्या मामाला आणते आणि तेवढी ओळ तिची स्वतःची असते. एकीचा मामा घोड्यावरून येतो, एकीचा मिठाई घेऊन.

"मला भाऊच नाय. मग मामा कुठून आणू? दारात चिंच होती दोन खोडांची. म्हटलं, हाच तुझा मामा."

मी ते लगेच टिपून घेतलं. प्रबंधात पान दोनशे सतरावर तळटीप आहे. परीक्षकांनी त्या तळटिपेचं कौतुक केलं होतं.

रेडिओवर लावू का, असं मी तिला विचारलं होतं, हेही सांगायला हवं. नाव बदलेन, म्हटलं. तिनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तू शिकलेली आहेस, तुला कळतं. मी त्याला परवानगी म्हटलं.

दुसरा भाग शनिवारी सकाळी अकराला लागला. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसून ऐकलं, सासूबाई मेथी निवडत होत्या. गाणं संपल्यावर मी माझ्याच आवाजात म्हणत होते, "मामाच्या जागी झाड आणणाऱ्या या आईच्या झोपडीवरून रोज विमानं जातात." वाक्य मला फार सुंदर वाटलं होतं. सासूबाई देठं बाजूला करत राहिल्या.

साडेअकराला गायधनी सरांचा फोन आला, मॅडम, एवढे फोन कधी आले नव्हते. लोकांना बोलायचंय तुमच्याशी, दोघातिघांना नंबर दिलाय, चालेल ना? चालेल काय, मला आनंद झाला होता. पाच वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी माझ्याशी या विषयावर बोलायचं होतं. पहिला फोन एका बागायतदाराचा. मजुरांच्या झोपड्यांना पत्रे टाकीन म्हणाला. दुसरा एका शिक्षिकेचा, त्या रडत होत्या.

तिसरा बाराच्या सुमारास आला. आवाज हळू, अदबीचा. तो पलीकडच्या शिवारात विरळणीला आलाय, टोळीत कुणाच्या तरी मोबाइलवर रेडिओ लावला होता, गाणं ऐकलं आणि हातातली कात्री खाली पडली.

"ती माझी बहीण आहे, मॅडम. हिरा. तीन वर्षं झाली, पत्ता नाही. आई रडून रडून आंधळी व्हायची राहिलीय."

मी कार्यक्रमात 'सुमन' म्हटलं होतं. तो 'हिरा' म्हणाला तेव्हा मला उलट खात्रीच पटली, की हा घरचाच माणूस. आणि मी आई झाल्यापासून कुणाची आई रडते म्हटलं की माझं डोकं चालायचं थांबायचं.

"ती बरी आहे," मी म्हटलं. "मुलगीसुद्धा छान आहे, शाळेत घालायचं म्हणतेय. आईंना सांगा, काळजी करू नका."



"म्हणजे पोरगी तिच्यापाशीच आहे."

"हो."

"विमानं तिकडंच जातात ना, विमानतळाच्या बाजूला." हे त्यानं मला विचारलं नव्हतं. "उपकार झाले, मॅडम."

फोन ठेवला. मी उड्या मारत स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना सांगितलं, की हिराचा भाऊ सापडला, आपल्या कार्यक्रमामुळे.

सासूबाईंचा हात मेथीत थांबला.

"तिला भाऊ आहे?"

 पान दोनशे सतरा. ती तळटीप मीच लिहिली होती.

त्या क्षणी सासूबाई मला काहीही बोलू शकल्या असत्या. सव्वीस वर्षं त्यांनी पेठ तालुक्यात अंगणवाड्यांचं काम पाहिलं होतं, पाडान् पाडा पायी हिंडल्या होत्या. माझ्या प्रबंधातली निम्मी गावं त्यांना आधीपासून ठाऊक होती आणि मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. त्या उठल्या, हात धुतले, खुंटीवरची शाल घेतली.

"त्याला स्वेटर घाल. निघू."

मी म्हटलं, निहारला कशाला, तिथे फवारणी असते, थंडी आहे. त्या म्हणाल्या, "आज तुझं पोर बरोबर असलेलं बरं."

रिक्षानं फाट्यापर्यंत आणि तिथून काळीपिवळी जीपनं. गाडीत मी माणसं मोजत होते, वाटेतली प्रत्येक मोटारसायकल निरखत होते. निहारची कानटोपी कधी घसरली ते मला कळलंही नाही. सासूबाईंनीच नीट केली.

हिरा वेलींच्या मांडवाखाली वर मान करून घड विरळत होती. आम्हाला पाहून हसली, मग माझा चेहरा बघून हसायची थांबली. मी जे झालं ते सांगितलं. मध्ये मध्ये मी म्हणत होते, मला वाटलं तो भाऊ आहे, मला वाटलं. तिनं ते ऐकलंच नाही.

"आवाज कसा होता? हळू?"

"हळू. अदबीचा."

"तोच. किती वाजता बोलला?"

"बाराला."

तिनं उन्हाकडे पाहिलं. कात्री तारेला अडकवली आणि चालायला लागली. न धावता. मैनी टाकीच्या सावलीत खड्यांनी खेळत होती. हिरानं झोपडीतून दोन लुगडी, एक पातेलं, मैनीची पाटी आणि मिठाची पुडी एका ओढणीत बांधली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. घर सोडताना बायका बरोबर काय घेतात, या विषयावर माझ्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण आहे, तक्त्यांसकट. मीठ त्यात कुठेच नव्हतं.

सासूबाई तिच्याशी तिच्या बोलीत काहीतरी बोलल्या. मला अर्धं कळलं. बागेतून मागच्या अंगानं, ओहोळ ओलांडून, पलीकडच्या रस्त्यावर. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शर्वरी, तू इथे बस. चूल विझू देऊ नकोस, चहाचं आधण ठेव. धूर दिसला की त्यांना वाटेल ती इथेच आहे, येईल आत्ता. बसून राहतील."

"आणि मी काय सांगू?"

"काही सांगू नकोस. एवढं जमेल ना?"

मी हिराला विचारलं, कुठे जाणार? मदत लागली तर मला कळायला हवं, मी लोकांशी बोलेन, संस्था आहेत. ती गाठोडं डोक्यावर घेत होती. ते परत खाली ठेवून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, निहारला थोपटायची तसा.

"तू चांगली आहेस ताई," ती म्हणाली. "पण तू सांगतेस."

मग मैनीचं बोट धरलं. चार पावलं गेल्यावर मैनीनं विचारलं, चिंचेचं गाणं म्हणशील का चालताना? हिरा म्हणाली, "आता ते म्हणायचं नाय. तू पण नाय म्हणायचं. कुठंच." सासूबाई पुढे, अशा तिघी वेलींच्या ओळीत शिरल्या. थोड्या वेळानं पानं हलायचीही थांबली.

मी चूल फुंकत बसले. निहार चिंध्यांच्या गोधडीवर बसून मैनीचे खडे तोंडात घालत होता आणि मी ते काढून घेत होते. एक विमान गेलं. दोन वाजून गेले असतील, तेव्हा मोटारसायकल टाकीपाशी थांबली. दोघे होते. एक गाडीपाशीच थांबला, दुसरा आला. तिशीचा, किडकिडीत, धुतलेला शर्ट घातलेला. मी कुणीतरी अक्राळविक्राळ येईल म्हणून बसले होते. हा माणूस बसमध्ये शेजारी बसला असता तर मी निहारला धरायला त्याच्याकडे दिलं असतं.

हिरा इथंच राहते का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, मी पाहुणी आहे, चहा ठेवलाय.

तो एकदम हसला. "तुम्ही रेडिओवाल्या मॅडम. आवाज ओळखला मी."

दोन ओळीसुद्धा लागल्या नव्हत्या त्याला.

तो दाराबाहेर दगडावर बसला. मी चहा दिला. थोडा त्याच्या गुडघ्यावर सांडला, तो म्हणाला, असू द्या. ती कामावर गेलीय का, कधी येईल, असं विचारत राहिला आणि मी आधणात साखर ढवळत राहिले. मग त्यानं पिशवीतून एक फ्रॉक काढला. गुलाबी, छातीवर चमकीची फुलं. दोन-अडीच वर्षांच्या पोरीला होईल एवढा.

"हा होईल का तिला, मॅडम? आता केवढी झाली असेल?"

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. सहा वर्षं. दोन दात पडलेत. खड्यांनी खेळते. पाटीवर तीनपर्यंत आकडे काढते.  समोर बाप होता, त्याच्या मांडीवर तो एवढासा फ्रॉक होता, आणि विचारलं तर सांगायचं, हे मी पाच वर्षं शिकले होते.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्यानं फ्रॉकची घडी घातली. नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली. मग खाली बघत अगदी हळू विचारलं, "कान बरा झाला का तिचा?"

मी निहारला उचलून घट्ट धरलं. इतकं की तो रडायला लागला. त्या माणसानं वर पाहिलं नाही. चूल धुमसत होती. बऱ्याच वेळानं गाडीपाशी उभा असलेला दुसरा ओरडला, की इथं कुणी येत नाही, बाईनं पळवलं तिला, चल. तो ताडपत्री उचलून आत शिरला, रिकामी झोपडी बघून शिव्या देत बाहेर आला आणि माझ्या अगदी जवळ उभा राहिला. "कुठं पाठवली?" निहार त्याच्या तोंडावर भोकाड पसरून रडत होता. मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरं होतं. हिरानं मला ते खरं बोलायची सोय करून ठेवली होती.

नवरा उठला, त्याचा दंड धरून त्याला घेऊन गेला. फ्रॉक दगडावरच राहिला.

सासूबाई ऊन कलल्यावर परतल्या, पायाला चिखल, शाल नव्हती. घरी जाईपर्यंत बोलल्या नाहीत. मी विचारलंही नाही. त्यानंतरही त्यांनी कधी सांगितलं नाही, त्यांच्या मुलालाही नाही. 'मी म्हटलं नव्हतं' हे वाक्य तर शेवटपर्यंत एकदाही त्यांच्या तोंडून आलं नाही.

सोमवारी मी केंद्रावर जाऊन गाणं पुसायला लावलं. गायधनी सर हळहळले, एवढं ठेवणीतलं रेकॉर्डिंग, मॅडम. माझ्याकडची प्रतही मी पुसली. उरलेले भाग वर्षभरानं केले. प्रत्येक भाग आधी त्या बायकांना बागेत बसून ऐकवला, आणि त्या "हे काढ" म्हणाल्या ते काढलं. कधीकधी फार थोडं उरायचं.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. निहारला दाढी फुटतेय. तुम्हाला सांगताना मी नावं बदलली आहेत, पण आता तेवढ्यावर थांबलेले नाही. झाड चिंचेचं नव्हतं. खोडं दोन नव्हती. गाण्याच्या ओळी मी रचल्या आहेत, म्हणून त्या तेवढ्या चांगल्या नाहीत. तो कान होता की आणखी काही, तेही विचारू नका.

दर उन्हाळ्यात आमच्या घरी पानात बांधलेलं एक पुडकं यायचं. सासूबाई ते कुठून तरी घेऊन यायच्या आणि "आलंय" एवढंच म्हणायच्या. त्यात काय असायचं ते लिहीत नाही. ते आलं की मला त्या रात्री शांत झोप लागायची. गेल्या वर्षीच्या थंडीत सासूबाई गेल्या. दोन उन्हाळे झाले, पुडकं नाही. ते कुठून आणायचं हे मला माहीत नाही, आणि मी शोधायला निघाले तर माझ्यामागून कोण येईल तेही माहीत नाही. म्हणून मी शोधत नाही.

पण तुमची बाग असेल, किंवा बागेवरून तुमचा जायचा यायचा रस्ता असेल, तर एवढं करा. कडेला ताडपत्रीची झोपडी असते. तिथे एखादी बाई लेकराला किंवा नातवंडाला थोपटत असेल, तोंडानं काही न म्हणता. जरा थांबा. पाणी आहे का बघा, चूल पेटलीय का बघा. बरं आहे ना, एवढं विचारा. नाव विचारू नका, गाव विचारू नका.

आणि मला सांगू नका.